सुधारणेची मर्यादा

यंत्र हें मनुष्याचें हित करणारें कीं अहित करणारें, हा प्रश्न वर्धा जिल्ह्याला नवा नाहीं. किंबहुना या प्रश्नाचा जितका काथ्याकूट या एका जिल्ह्यांत झाला, तितका देशाच्या दुसऱ्या भागांत क्वचितच झाला असेल. 1934 सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि त्याचें ठाणें वर्ध्याच्या मगनवाडींत पडलें. 1936 सालीं गांधीजी शेगांवीं राहावयास आले, आणि त्याच शेगांवाचें 1940 सालीं सेवाग्राम झालें. तेलघाणी, जातें, चरखा, हातकागद यांचा कसून विचार करणारी, कोणतें साधन खेड्यानें स्वीकारावें व कोणतें टाकावें याचा निवाडा करणारी माणसें येथें वर्षानुवर्षें राबलीं. परंतु त्या वादाचें जें रूप पुढें लोकांच्या तोंडीं उरलें, त्यांत एका उपप्रश्नाकडे दुर्लक्ष झालें आहे, असें आम्हांस वाटतें. यंत्र हवें कीं नको, हा एक प्रश्न. आणि हवें असें ठरल्यावर त्यांत सुधारणा करीत करीत कोठें थांबावें, हा दुसरा. पहिल्याचा निकाल व्यवहारानें केव्हांच लावून टाकला. दुसरा तसाच पडून आहे. त्याचाच विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मोठ्या प्रश्नाचा विचार लहान उदाहरणावरून करावा, हें बरें. गिरणी किंवा धरण यांचें नांव काढतांच वाचक आधींच कोणत्या तरी पक्षाला जाऊन मिळतो, आणि मग विचाराला जागा उरत नाहीं. म्हणून आम्ही घरीं बनविलेल्या इंजिनाच्या सायकलीचें उदाहरण घेतों. सायकल जुनी, वडिलांच्या वेळची; इंजिन कपाशीवर फवारणी करावयाच्या पंपाचें; आणि दोहोंचा सांधा जुळविणारा तालुक्याच्या गांवचा वेल्डिंगवाला; असा हा त्रिवेणी संगम असतो. अलीकडे इंजिनाच्या जागीं विजेची मोटर व बॅटरी बसविण्याकडे ओढा आहे. परंतु आमच्या प्रश्नापुरता दोहोंत फारसा भेद नाहीं.

देवळी तालुक्यांतील एका तरुणाचा असा उद्योग आम्हीं दोन वर्षें जवळून पाहिला. त्याचा हेतु अगदीं साधा होता. घरापासून कामाचें ठिकाण बारा किलोमीटर, एस. टी. ची वेळ गैरसोयीची. आणि वैशाखांत पारा 45 अंशांच्या घरांत गेला म्हणजे त्या उघड्या काळ्या मुलखांत उलट वाऱ्याशीं झगडत सायकल मारणें काय असतें, हें ज्यानें केलें असेल त्यालाच ठाऊक. त्यानें पंपाचें सुमारें एक अश्वशक्तीचें इंजिन मागच्या कॅरिअरवर बसविलें, आणि त्याच्या दांड्यावरील लोखंडी रूळ टायरवर दाबून धरला. रूळ फिरे, आणि त्याच्या घर्षणानें चाक फिरे. गाडी चालूं लागली त्या दिवशीं निम्मा गांव पाहावयास लोटला.

पुढें पाऊस पडला, आणि ओल्या टायरवरून रूळ घसरूं लागला. म्हणून रूळ काढून त्यानें साखळी व दातेरी चाक बसविलें. घसरणें थांबलें, पण इंजिनाचा सारा ओढा मागच्या चाकाच्या तारांवर पडून त्या पटापट तुटूं लागल्या. म्हणून मोपेडचें चाक आलें. चाक भक्कम झाल्यावर वेग वाढला, आणि वेग वाढल्यावर सायकलीचे रबरी गुटक्यांचे ब्रेक पुरेनात. येथें पदार्थविज्ञानाचा एक साधा नियम आड येतो. वेग तिप्पट झाला तर गतीची ऊर्जा तिप्पट होत नाहीं, नऊपट होते. म्हणजे ताशीं 15 किलोमीटर चालणारी गाडी थांबविण्यास ब्रेकला जितकें काम पडतें, त्याच्या नऊपट काम ती ताशीं 45 नें धावूं लागल्यावर पडतें. म्हणून ब्रेकहि मोपेडचा आला. नंतर खड्ड्यांचे धक्के सोसवेनात, म्हणून पुढचा चिमटा बदलला. इतकें ओझें झाल्यावर सांगाड्याची नळी सांध्यापाशीं तडकली, तेव्हां तिला पट्टी लावून डाग द्यावा लागला. दोन वर्षांच्या अखेरीस त्या तरुणाच्या दारांत जी वस्तु उभी होती, तिच्यांत मूळ सायकलीचें काय उरलें होतें? हँडल, बैठक आणि नांव.

वाचकांनीं येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. यांतील कोणतीहि पायरी सुटी काढून पाहिली तर ती निर्दोष आहे. रूळ घसरतो, तर साखळी लावणें शहाणपणाचें. तारा तुटतात, तर चाक बदलणें शहाणपणाचें. ब्रेक पुरत नाहीं, तर तो बदलणें केवळ शहाणपणाचें नव्हे, कर्तव्यच. असें असूनहि या सर्व शहाणपणांची बेरीज शहाणपणाची झाली, असें म्हणवत नाहीं. मोपेडहून जड, मोपेडहून कमजोर, आणि खर्चाची बेरीज केली तर जुन्या मोपेडहून महाग, अशी ती वस्तु झाली. मग चूक कोणत्या पायरीवर झाली? कोणत्याच नव्हे. आणि येथेंच खरी अडचण आहे. प्रत्येक सुधारणा आपल्यामागून एक नवी उणीव घेऊन येते, ती उणीव नव्या सुधारणेला हांक मारते, आणि मनुष्य प्रत्येक वेळीं योग्य तेंच करीत अशा ठिकाणीं जाऊन पोहोंचतो कीं जेथें जाण्याचें त्यानें कधींच ठरविलें नव्हतें.

भाग बदलत गेल्यावर वस्तु तीच राहते काय, हा तत्त्वज्ञानांतला पुरातन प्रश्न आहे. ग्रीकांनीं तो थिसिअसच्या जहाजावरून विचारला. 'मिलिंदप्रश्न' या पालि ग्रंथांत नागसेनानें राजा मिलिंदाला रथाच्या दृष्टांतानें तशाच कोड्यांत टाकलें. परंतु त्या ठिकाणीं चर्चा भागांची आहे. आम्हांस येथें हेतूची चर्चा अधिक महत्त्वाची वाटते. जहाजाच्या साऱ्या फळ्या बदलल्या तरी तें जहाज समुद्रांतच चालतें. सायकलीचे मात्र भाग बदलण्यापूर्वींच, इंजिन बसलें त्याच क्षणीं, हेतु पालटला होता. भाग केवळ त्या पालटलेल्या हेतूच्या मागून धांवत होते.

हें स्पष्ट होण्यासाठीं सायकलीचा स्वतःचा इतिहास पाहावा. 1817 सालीं जर्मनीत ड्राइस यानें दोन चाकांची लांकडी गाडी केली. तिला पायडल नव्हतें, बसणारा जमिनीला पाय मारीत पुढें जाई. पुढें पायडल आलें, साखळी आली. 1885 सालीं इंग्लंडांत स्टार्लीनें सारख्या उंचीच्या चाकांची सायकल काढली, आणि 1888 सालीं डनलॉपनें हवेची धांव दिली. त्याच 1888 सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं सायकलींचें दुकान घातलें. महाराष्ट्रांतील एका मोठ्या उद्योगाचा पाया या वाहनावर उभारला गेला, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं. या सत्तर वर्षांत सायकलीचा एकूण एक भाग बदलला. तथापि हेतु ढळला नाहीं. बसणाऱ्याच्या स्वतःच्या शक्तीला अधिक दूरवर नेणें, हा तो हेतु. आणि तो इतका सिद्धीस गेला कीं पुढें सांगाड्याचा आकार फारसा बदलण्याची गरजच पडली नाहीं. इव्हान इलिच यानें 1974 सालच्या आपल्या ऊर्जाविषयक पुस्तकांत दाखविलें आहे कीं सायकलीवरचा मनुष्य पायीं चालणाऱ्याच्या तिप्पट-चौपट वेगानें जातो, आणि तरीहि त्याला शक्ति त्याच्या पांचव्या हिश्श्यानेंच खर्चावी लागते. हाच इलिच 1978 च्या जानेवारींत सेवाग्रामीं आला होता, आणि बापूंच्या कुटींत बसून मनाशीं काय विचार आले, तें त्यानें तेथील सभेपुढें सांगितलें होतें. सायकलीची थोरवी गाणाऱ्या मनुष्याला त्या मातीच्या कुटीची ओढ वाटावी, हें स्वाभाविकच होय. दोन्हींच्या ठायीं 'एवढें पुरे' हा एकच भाव आहे.

इतकें ऐकून एखादा वाचक म्हणेल, "तर मग सायकलीला इंजिन बसविणें हेंच पाप, असें तुमचें म्हणणें दिसतें." तसें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. 'एवढें पुरे' हें वाक्य कोण कोणाला म्हणतो, यावर त्याची नीति अवलंबून आहे. स्वतःला म्हटलें तर तो संयम. दुसऱ्याला म्हटलें तर तो बहुधा निष्ठुरपणा. मोटारींतून सेवाग्राम पाहावयास येणाऱ्या गृहस्थानें बारा किलोमीटर सायकल हांकणाऱ्या मजुराला साध्या राहणीचा उपदेश करावा, यासारखी हास्यास्पद गोष्ट दुसरी नाहीं. ज्याचे गुडघे गेले, ज्याचा एक पाय अधू आहे, जिला दिवसभर निंदण करून पुन्हां गांव गांठावयाचें आहे, त्यांच्या दृष्टीनें ती मोटर चैन नव्हे. साधारण मनुष्य सायकलीवर तास दोन तास सारखा श्रमला तर 75 ते 100 वॉट शक्ति देऊं शकतो. त्याला तितक्याच शक्तीचा जोडीदार मिळाला, तर त्यांत नीतीची कोणती हानि झाली?

खुद्द गांधीजींनीं याविषयीं जें सांगितलें, तें त्यांच्या विरोधकांनीं व अनुयायांनीं सारखेंच दुर्लक्षिलें आहे. 1924 सालीं रामचंद्रन् या तरुणाशीं झालेल्या संवादांत त्यांनीं यंत्रांमधून शिवणाच्या यंत्राला अपवाद म्हणून काढलें. सिंगरनें आपल्या पत्नीला शिवणाचे कंटाळवाणे श्रम करतांना पाहिलें आणि प्रेमापोटीं तें यंत्र शोधलें, असें त्यांचें सांगणें होतें. सिंगरच्या चरित्राशीं ही कथा जुळणें कठीण आहे. त्यानें 1851 सालीं पेटंट घेतलें, तें दुसऱ्यांच्या यंत्रांत सुधारणा करून आणि धनाच्या इच्छेनें. परंतु कथा डळमळली तरी कसोटी डळमळत नाहीं. यंत्राच्या मुळाशीं कोणाच्या श्रमांची कळकळ आहे, हें पाहावें, ही ती कसोटी. आणि तिला उतरणारें उदाहरण इंजिनाच्या सायकलीच्या इतिहासांतच सांपडतें. 1946 सालीं, युद्धानें उद्ध्वस्त झालेल्या जपानांत, सोइचिरो होंडा यानें लष्कराच्या बिनतारी यंत्रांसाठीं वापरलेलीं लहान इंजिनें मिळवून सायकलींना बसविलीं. धान्यासाठीं पत्नीला दूरवर सायकल मारीत जावें लागे, तें पाहून ही कल्पना त्याला सुचली, असें सांगतात. तेव्हां मोटर ही जात्या दुष्ट नाहीं. प्रश्न मोटरीचा नाहीं, मर्यादेचा आहे.

मर्यादा कशी घालावी, याचाहि धडा जवळच आहे. 1929 सालीं अखिल भारत चरखा संघानें सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें बक्षीस जाहीर केलें. त्या काळच्या एक लाखाची किंमत वाचकांनीं मनांत आणावी. चरख्याचे भक्त सुधारणेचे वैरी होते, असें समजणाऱ्यांस हा आंकडा पुरेसा आहे. परंतु बक्षिसाहून त्याच्या अटी अधिक बोधप्रद आहेत. चरखा वजनानें हलका असावा. खेड्यांतील झोंपडींत हातानें किंवा पायानें चालवितां यावा. बाईमाणसाला अतिश्रम न होतां आठ तास कांततां यावें. किंमत 150 रुपयांच्या वर जाऊं नये. आणि तो वीस वर्षें टिकावा. किती सूत निघावें, याचीहि अट होतीच. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानेंहि या स्पर्धेसाठीं चरखा तयार केला होता. पण तें बक्षीस कोणालाच मिळालें नाहीं. कोणी याला अपयश म्हणेल. आमच्या मतें त्या जाहिरातींत सुधारणेचें संपूर्ण शास्त्र आहे. तेथें सीमा आधीं आंखली गेली आणि बुद्धीला तिच्या आंत वाटेल तितकें धांवण्याची मोकळीक दिली गेली. आमच्या तरुणानें उलट केलें. बुद्धि आधीं धांवूं दिली, आणि सीमा वाटेंत कोठें तरी भेटेल अशी आशा धरली. सीमा वाटेंत भेटत नसते. वाटेंत भेटते ती पुढची उणीव.

येथें एक बळकट आक्षेप येतो, आणि त्याला उत्तर दिल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. आक्षेपक म्हणेल, "साऱ्या संशोधकांनीं आधीं सीमा आंखली असती, तर सीमेपलीकडचें कांहींच जन्मास आलें नसतें. तुमच्या तरुणाची गाडी ओबडधोबड असेल. पण याच ओबडधोबड गाड्यांमधून पुढें मोटरसायकल जन्मली ना?" हें खरें आहे. आणि याचा पुरावा शोधण्यास वर्ध्याबाहेर जाण्याचीहि गरज नाहीं. ज्या जमनालाल बजाजांनीं गांधीजींना वर्ध्यास आणिलें, त्यांच्याच घराण्याच्या पेढीनें, जमनालालजींच्या निधनानंतर, 1945 सालीं स्थापन झालेल्या कंपनीमार्फत 1948 पासून इटलीच्या स्कूटरी आणविण्यास सुरुवात केली, आणि पुढें बजाजची स्कूटर देशभर झाली. चरख्याचें गांव आणि स्कूटरीचें घराणें एकच, यांत कोणाला विसंगति दिसेल; आम्हांस ती दिसत नाहीं. स्कूटर ही स्कूटर म्हणून आली. तिनें स्वतःला सायकल म्हणविलें नाहीं.

पुण्याच्या कायनेटिकनें 1972 सालीं काढलेली लूना या दृष्टीनें अधिकच मनन करण्याजोगी आहे. तिला 50 सी. सी. चें इंजिन होतें आणि पायडलेंहि होतीं. गाडी सुरू करण्यास तीं लागत. आणि पेट्रोल संपलें, तर हाश्शहुश्श करीत कां होईना, मनुष्य त्या पायडलांवर घरीं येई. दूधवाले, शिक्षिका, टपालवाले, लहान दुकानदार अशा कितीएकांचें आयुष्य त्या गाडीनें रुंद केलें. ती दुबळी होती, पण अप्रामाणिक नव्हती. जितका वेग, तितका ब्रेक, आणि जितका भार, तितका सांगाडा, असा हिशेब तिच्यांत आधींच मांडलेला होता.

तेव्हां आक्षेपकाला आमचें उत्तर असें. हेतु बदलण्यास आमची हरकत नाहीं. हेतु बदलला असतां जुनें नांव धरून बसण्यास आहे. सुधारणा करणाऱ्यापुढें दोनच सरळ वाटा आहेत. एक, मूळ हेतु कायम ठेवून त्याच्या सीमेंत राहणें. दुसरी, हेतु बदलला हें उघड कबूल करून नव्या वस्तूचीं सर्व बंधनें अंगावर घेणें. या दोहोंमधली जी तिसरी आडवाट, म्हणजे वेग मोटरसायकलीचा आणि जबाबदारी सायकलीची, ती मात्र नीतीची नव्हे. कारण तिचा दंड नेहमीं करणाऱ्यालाच होतो असें नाहीं. तडकलेल्या सांगाड्याची गाडी बाजाराच्या दिवशीं ताशीं 45 किलोमीटरनें येते, तेव्हां आडवें जाणारें पोर त्या प्रयोगांत आपल्या संमतीनें सामील झालेलें नसतें. घराच्या अंगणांत प्रयोग हा ज्याचा त्याचा असतो. रस्त्यावर तो सर्वांचा होतो.

कायद्यानेंहि हीच रेषा आपल्या परीनें ओढली आहे. 1988 च्या मोटार वाहन अधिनियमाप्रमाणें चारांहून कमी चाकांचें व 25 सी. सी. पर्यंतच्या इंजिनाचें वाहन 'मोटार वाहन' या व्याख्येंत येत नाहीं. आणि विजेच्या गाड्यांविषयींच्या नियमांत सामान्यतः 250 वॉटच्या आंतील शक्ति व ताशीं 25 किलोमीटरच्या आंतील वेग, अशी सवलतीची हद्द आहे. हे आंकडे कांहीं वेदवाक्य नव्हेत. 25 च्या जागीं 28 असते तरी आकाश कोसळलें नसतें. परंतु त्यांमागची दृष्टि विचार करण्यासारखी आहे. माणसाच्या शक्तीच्या दुप्पट-तिप्पट साह्य मिळेपर्यंत तो सायकलवालाच. त्यापलीकडे तो वाहनचालक, आणि वाहनचालकाचीं कर्तव्यें त्याला चुकलीं नाहींत. साह्य आणि प्रतिनिधित्व यांतला हा भेद आहे. हाताखालीं मदतनीस घेणारा आपलें काम करीतच असतो. मुखत्यार नेमणारा काम सोडून मोकळा होतो, आणि मग मुखत्याराच्या कृत्यांचा जाब मात्र त्यालाच द्यावा लागतो.

यावरून घरगुती सुधारकाला पारखण्यासाठीं तीन प्रश्न निघतात, असें आम्हांस वाटतें. पहिला: या सुधारणेनें कोणाचे श्रम हलके होतात, आणि धोका कोणाच्या वाट्याला येतो? दोन्ही माणसें एकच असतील तर गोष्ट निराळी. वेगळीं असतील तर थांबावें. दुसरा: ज्याची वस्तु, त्याला ती उलगडतां आणि दुरुस्त करतां येते काय? या प्रश्नापुरता आमचा तरुण पूर्ण गुणांनीं उत्तीर्ण होतो. त्याच्या गाडीचा एकहि स्क्रू त्याला अनोळखी नव्हता, आणि विकत घेतलेल्या गाडीचें झांकण उघडण्याचीहि ज्यांना मुभा नसते अशा आम्हां शहाण्यांहून तो त्या बाबतींत अधिक स्वतंत्र होता. त्यानें त्या दोन वर्षांत धातु, घर्षण, वेग आणि भार यांविषयीं जें ज्ञान मिळविलें, तें आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत तितक्या पक्केपणानें मिळतें, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. हा लाभ गाडी बिघडली म्हणून बुडत नाहीं. तिसरा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो: यंत्र बंद पडलें असतां मनुष्य जेथें होता तेथें तरी राहतो काय, कीं त्याहून खालीं जातो? इंजिन बंद पडल्यावर जी सायकल पायानें मारतां येते, तिनें मनुष्याचें कांहीं हिरावून घेतलें नाहीं. जी इतकी जड झाली कीं ढकलतच न्यावी लागते, तिनें जें दिलें त्याहून अधिक परत घेतलें.

या तिसऱ्या प्रश्नाचा पल्ला सायकलीपुरता नाहीं, हें सुज्ञांस सांगावयास नको. हिशेबाचें यंत्र बंद पडलें असतां दुकानदाराला बेरीज येते काय, फवारणी करणारा आला नाहीं तर शेतकऱ्याला कीड ओळखतां येते काय, टिपणें हरवलीं तर अध्यापकाला विषय शिकवितां येतो काय. या सर्वांत तोच प्रश्न निरनिराळ्या वेषांत उभा आहे. साधनानें मनुष्याची शक्ति वाढवावी. मनुष्यानें मात्र आपलीं पायडलें काढून टाकूं नयेत.

असो. त्या तरुणाला आम्हीं एकच सुचविलें. पुढच्या खेपेस हातांत पाना घेण्यापूर्वीं कागदावर चार ओळी लिहाव्या: किती दूर जावयाचें, किती वेगानें, किती खर्चांत, आणि बंद पडल्यास परत कसें यावयाचें. त्यानें बारा किलोमीटर, ताशीं 25, आणि 'पायडल मारीत' असें लिहिलें. खर्चाची ओळ मात्र त्यानें कोरी ठेवली. सध्यां तो साध्या सायकलीवर 250 वॉटच्या आंतील मोटर बसवून पाहत आहे. ती पुरेल कीं नाहीं, हें त्या रस्त्यावरचा उलटा वारा ठरवील. परंतु न पुरली तर तो मोठी मोटर शोधील, कीं उघडपणें मोपेड घेईल, हें ठरविणें वाऱ्याच्या हातीं नाहीं. तें त्याच्या हातीं आहे, आणि कोरी ओळ भरून होईपर्यंत तरी तें तसेंच राहील.